डच वाहतूकदार डाकारला ट्रक कसा उतरवतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नेदरलँड्स एवढासा सपाट देश, ना डोंगर ना वाळवंट. तरी दर जानेवारीत वाळवंटात दोन आठवडे चालणाऱ्या डाकार रॅलीच्या ट्रक वर्गात तिथले ट्रान्सपोर्टवाले आणि मशिनरीवाले वर्षानुवर्षं पुढे असतात, जिंकतातही. धंदा सांभाळून हे कसं जमतं? ट्रक नेमका कसा तयार होतो, बिघडतं काय, आणि पंधरा गाड्यांच्या मालकाला यातलं काय करता येईल?"

उत्तराची सुरुवात एका नावापासून करतो: दारेक रोडेवाल्ड. हा पोलिश मेकॅनिक. २०१२ साली डच वाहतूकदार खेरार्ड द रोय यांनी इवेको ट्रकवर डाकार जिंकली तेव्हा दारेक केबिनमध्ये होता. २०१६ ला द रोय पुन्हा जिंकले तेव्हाही होता. २०२३ ला यानुस फान कास्टेरेन हा मातीकामाच्या यंत्रांचा व्यापार करणारा उद्योजक जिंकला, तेव्हाही केबिनमधल्या तिघांत दारेक होताच. तीन विजय, स्टिअरिंगवर दोन वेगळे मालक, तिसऱ्या सीटवर दर वेळी नवा माणूस, आणि कायम राहिला तो पाना हातात धरणारा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. डच मालकांकडे पैसा आहे, पण पैसा इतर देशांतल्या हौशी लोकांकडेही असतो. यांच्याकडे वर्षभर चालणारं ट्रकचं वर्कशॉप आहे, आणि त्या वर्कशॉपमधली माणसं वर्षानुवर्षं टिकून आहेत.

याची मुळं आइंडहोवेन परिसरात आहेत. डॅफ ट्रकचा कारखाना त्याच शहरात, आणि शेजारच्या सोन एन ब्रोखेल गावात द रोय कुटुंबाची वाहतूक कंपनी. खेरार्ड यांचे वडील यान द रोय (१९४३–२०२४) आधी रॅलीक्रॉसमध्ये छोट्या डॅफ मोटारी पळवायचे, आणि १९८० च्या दशकात ट्रक घेऊन डाकारला जाऊ लागले. चारही चाकांना भरपूर ताकद द्यायची तर गिअरबॉक्स आणि शाफ्ट तेवढा भार झेलत नाहीत, ही त्यांची अडचण होती. त्यांनी काढलेला तोडगा ट्रकवाल्याला साजेसा होता: एका ट्रकमध्ये दोन इंजिनं. डॅफची ११.६ लिटरची दोन इंजिनं, एक पुढच्या अॅक्सलला, एक मागच्या. दोघांचे गिअरबॉक्स स्वतंत्र. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर ट्रक मुक्कामाला पोचतो, हा त्यातला खरा वाहतूकदाराचा विचार. टर्बोट्विन नावाच्या या ट्रकवर यान १९८७ ला ट्रक वर्गात पहिले आले, आणि मोटारी धरून एकूण क्रमवारीत अकरावे.

पुढच्या वर्षी काय झालं ते प्रत्येक इच्छुकाने नीट समजून घ्यावं. १९८८ च्या ट्रकची दोन इंजिनं मिळून १,२०० हॉर्सपॉवरच्या वर गेली होती. दहा टनांच्या आसपासचा हा ट्रक ताशी २०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने नामांकित रॅली ड्रायव्हर आरी वातानेन यांच्या पेजो ४०५ मोटारीला मागे टाकतो, ते चित्रण आजही पाहायला मिळतं. त्याच रॅलीत संघाचा दुसरा ट्रक, थेओ फान द राइट चालवत असलेला, नायजरच्या वाळवंटात प्रचंड वेगात उलटला आणि कोलांट्या खात गेला. नॅव्हिगेटर, म्हणजे वाट सांगणारे, केस फान लूवेझाइन सीटसकट बाहेर फेकले गेले आणि मरण पावले. डॅफने तिथेच माघार घेतली. १९८९ च्या डाकारमध्ये ट्रकांची शर्यत झालीच नाही.

हिशोब सोपा आहे. ताशी १४० ऐवजी २०० ने आदळणाऱ्या त्याच ट्रकमध्ये दुप्पट ऊर्जा असते, आणि ती चेसिस, सीटचे नट आणि माणसाचा मणका यांनाच जिरवावी लागते. आज डाकारमध्ये ट्रकांना ताशी १४० किलोमीटरची मर्यादा आहे, इंजिन १३ लिटरच्या आत लागतं, आणि केबिनमध्ये पूर्ण रोलकेज, म्हणजे उलटल्यावर माणसांना वाचवणारा पाइपांचा पिंजरा, असते. सीट केबिनच्या पत्र्याला न लावता केजशी किंवा चेसिसच्या मजबूत भागाशी बांधतात. हे नियम जाचक वाटत असतील तर या खेळात उतरू नका. ते एका माणसाच्या जिवाची किंमत देऊन आले आहेत.

आता ट्रककडे येऊ. शर्यतीचा ट्रक म्हणजे साधारण साडेआठ ते साडेनऊ टनांचा, दोन अॅक्सलचा, चारही चाकांवर चालणारा. इवेकोमध्ये १३ लिटर वर्गाचं कर्सर इंजिन असतं आणि ते हजार हॉर्सपॉवरच्या आसपास नेतात. रस्त्यावरच्या ट्रकमध्ये ते याच्या निम्म्यावर चालतं, म्हणजे इंजिनातून आणखी काढणं हे अवघड काम नव्हे. अवघड आहे ते वजन वाटणं, उष्णता बाहेर काढणं आणि धक्के पचवणं.

वजनाचं आधी. आपल्या नेहमीच्या सपाट तोंडाच्या ट्रकमध्ये इंजिन केबिनखाली असतं आणि ड्रायव्हर थेट पुढच्या अॅक्सलवर बसतो. असा ट्रक उंचवट्यावरून उडाला की नाकावर पडतो, आणि तो सगळा दणका ड्रायव्हरच्या कमरेत जातो. म्हणून इंजिन चेसिसमध्ये मागे, मधल्या भागाकडे सरकवतात, म्हणजे पुढचा आणि मागचा भार बरोबरीला येतो. खेरार्ड द रोय यांनी एक पाऊल पुढे जाऊन नाकवाला ट्रक निवडला, इवेको पॉवरस्टार. त्यात ड्रायव्हर अॅक्सलच्या मागे बसतो. समोरचं जवळचं दिसणं थोडं कमी होतं, पण दोन आठवडे रोज चारशे-पाचशे किलोमीटर आदळत जायचं असेल तेव्हा पाठ शाबूत राहणं जास्त मोलाचं. माझं मत विचाराल तर नव्या माणसाने नाकवालाच ट्रक घ्यावा.

सस्पेन्शनमध्ये बहुतेक ट्रकांना अजूनही पाटेच असतात. पाने कमी, लांब आणि मधे जाड. पाटा भार उचलतो, दिशा धरतो आणि तुटला तरी पूर्ण निकामी होत नाही. खरी करामत शॉकअपमध्ये असते. प्रत्येक चाकाला दोन, म्हणजे एकूण आठ. रायगर ही नामांकित शॉकअप कंपनी नेदरलँड्समध्येच आहे, हा डच संघांचा आणखी एक फायदा: संध्याकाळी शॉकअप उघडून दुसऱ्या दिवशी नवी सेटिंग लावता येते. शॉकअप म्हणजे हालचालीची उष्णता करणारं यंत्र. खडबडीत पट्ट्यांच्या ट्रॅकवर तासभर पळाल्यावर त्यातलं तेल इतकं तापतं की पातळ होतं, आणि ट्रक उसळत राहतो. ड्रायव्हरला वाटतं पाटा बसला. म्हणून मुक्कामाला आल्याआल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने आठही शॉकअपचं तापमान घ्या. सात सारखे तापलेले आणि एक थंड असेल तर तो थंड निकामी आहे, कारण तो कामच करत नव्हता. गरम हाच दोषी असं समजून चांगला शॉकअप काढून टाकणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

पाट्यांत पहिला बिघाड येतो तो यू-बोल्टमध्ये, म्हणजे पाटा अॅक्सलला आवळणाऱ्या बोल्टमध्ये. नवा पाटा बसवला की पहिल्या शंभर किलोमीटरांत पानं एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट ढिला पडतो. ढिल्या यू-बोल्टमुळे सगळा ताण सेंटर बोल्टवर जातो, तो कापला जातो आणि अॅक्सल चेसिसखाली तिरका सरकतो. याला उपाय टॉर्क पाना आणि रंगाची बाटली. नट ठरल्या टॉर्कला आवळला की नटावरून खालच्या प्लेटवर एकच सरळ पिवळी रेघ ओढायची. रात्री टॉर्चच्या उजेडात रेघ मोडलेली दिसली की नट फिरलाय, पाना लावायच्या आधीच कळतं. चाकांचे नट, स्टिअरिंगचे जॉइंट, शॉकअपचे बोल्ट, शाफ्टच्या फ्लँज, सगळीकडे ही रेघ लागते. जड ट्रकच्या २२ मिलिमीटर चाकाच्या नटाला साधारण ६०० न्यूटन-मीटर लागतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा शेवटचा. चाक काढून बसवलं की पन्नास किलोमीटरवर पुन्हा तपासायचं. त्याला सुट्टी नाही.

इंजिनाचा शत्रू धूळ. हवा घेण्याचं तोंड केबिनच्या मागे, उंचावर ठेवतात, मग धूळ फिरवून बाहेर टाकणारा प्री-क्लीनर, मग कागदी फिल्टर, त्याच्या आत सुरक्षेचा छोटा फिल्टर. बाहेरचा रोज बदलायचा. कॉम्प्रेसरने हवा मारून तोच पुन्हा वापरायची आपल्याकडे सवय आहे. त्याने कागदाला न दिसणारी भोकं पडतात आणि बारीक वाळू आत जाते. फिल्टर बदलणं सोपं, पण फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला रबरी पाइप कुणी पाहत नाही. क्लिप अर्धा फेरा ढिली असली तरी तिथून फिल्टर न झालेली हवा शिरते. टर्बोच्या पंख्याच्या कडा वाळूने झिजतात, ताकद हळूहळू उतरते, आणि दोन दिवसांनी टर्बो तेल फेकायला लागतो. ते तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं की आग. बिघाड दोन रुपयांच्या क्लिपचा, जळतो अख्खा ट्रक.

रेडिएटर बऱ्याच संघांनी मागे, माल ठेवायच्या जागेत मोठ्या पंख्यांसकट नेला आहे. पुढे दगड लागतो, वाळूत नाक खुपसलं की जाळी बुजते. मागे नेल्याने पाइप लांब होतात, म्हणून प्रत्येक जोडावर दोन क्लिपा आणि चेसिसला घासेल तिथे जाड रबर. वायरिंगचंही तसंच. इंजिन फुटून बाहेर पडलेल्या ट्रकची चर्चा होते, पण एक वायर धारेवर घासून शॉर्ट झाल्याने वाळवंटात तीन तास गेलेले ट्रक पुष्कळ असतात. अॅक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची भोकं, पाइपने वर, केबिनच्या उंचीला न्या. तापलेलं हौसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ते ब्रीदरमधून पाणी-चिखल ओढतं.

डिझेल आठशे लिटर घेतलं तर त्याचं वजन पावणेसातशे किलो. वाळूत शंभर किलोमीटरला शंभर लिटरच्या आसपास लागतं, मऊ टेकड्यांत जास्तही. म्हणजे सकाळचा ट्रक आणि संध्याकाळचा ट्रक चारशे किलोच्या आसपासच्या फरकाचे असतात. शॉकअपची सेटिंग भरलेल्या टाकीवर करून चालत नाही. अर्ध्या टाकीवर करा आणि सकाळी पहिले शंभर किलोमीटर जरा दबून चालवा.

आता टायर आणि वाळू, कारण इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. टायर साधारण सव्वा मीटर उंचीचा, १४.०० आर २० किंवा त्याच्या जवळपासच्या मापाचा; रिमसकट चाक दीडशे किलोच्या पुढे. हवा केबिनमधून कमी-जास्त करता येते आणि ते काम मेकॅनिकचं. दगडी ट्रॅकवर ४ ते ५ बार, वाळूत २ बारच्या आसपास, रुतल्यावर १ ते १.२. (१ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय.) हवा कमी केली की टायर रुंदीत थोडा आणि लांबीत जास्त पसरतो, वाळूवर तरंगवते ती लांबी. पण त्याच हवेवर वेगात वळलात किंवा दगड लागला तर टायर रिमवरून उतरतो किंवा बाजूने फाटतो. वाळू संपली की आधी हवा, मग वेग. हबमधून हवा नेणारं सील वाळूने झिजतं आणि एका चाकाची हवा सतत जाते. त्यासाठी प्रत्येक चाकावर हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह हवाच, म्हणजे ते चाक वेगळं पाडून पुढे जाता येतं.

टेकडी चढताना सरळ चढायचं, तिरकं नाही. माथ्याच्या किंचित आधी अॅक्सिलरेटर सोडायचा, म्हणजे ट्रक डोकं बाहेर काढून पलीकडे पाहू शकेल एवढाच वेग उरतो. फार आधी सोडला तर पोट माथ्यावर टेकतं आणि चारही चाकं हवेत फिरतात. उशिरा सोडला तर पलीकडच्या खड्ड्यात नऊ टन नाकावर. उतरताना ब्रेक नाही. मागचं टोक बाजूला सरकायला लागलं तर ज्या बाजूला सरकतंय त्याच बाजूला, म्हणजे उताराकडे स्टिअरिंग आणि थोडी ताकद. हात उलट गेला तर ट्रक लोळतो. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना सावल्या नसतात, टेकडीची पलीकडची बाजू दिसतच नाही, म्हणून दुपारच्या टेकड्यांत वेळ घालवा, ट्रक नको.

रुतलात तर पहिल्याच सेकंदाला अॅक्सिलरेटर सोडा. बाहेर येण्याचा प्रयत्न म्हणून चाकं फिरवलीत की दहा सेकंदांत ट्रक अॅक्सलपर्यंत खाली जातो, आणि दहा मिनिटांचं काम दोन तासांचं होतं. उतरा, चालत फेरी मारा, कोणती बाजू उताराची ते पाहा. बहुतेक वेळा सुटका मागे असते, कारण आलो ती चाकोरी दाबलेली असते. चारही टायरची हवा एकवर आणा. फावड्याने चाकांच्या पुढची-मागची वाळू काढाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही डिफरन्शिअलच्या हौसिंगखालची. तिथे ट्रक टेकलेला असतो आणि नवखे तिथेच काढत नाहीत. वाळूच्या पट्ट्या, म्हणजे चाकाखाली घालायच्या लांब फळ्या, चाकांना चिकटवून ठेवा. डिफ-लॉक (अॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा) लावा, लो रेंज, दुसरा गिअर, चाकं घसरू न देता हळू. कडक जमिनीवर आल्याबरोबर डिफ-लॉक काढा. लॉक लावून कडक जमिनीवर वळलात तर दोन्ही चाकांना एकाच गतीने फिरावं लागतं, शाफ्ट पिळला जातो आणि तुटतो. दुसरा ट्रक ओढणार असेल तर लोखंडी वायर नको, ताणणारा पट्टा घ्या, आणि पट्टा ताणला असताना त्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात एकही माणूस उभा नको. सुटलेला शॅकल, म्हणजे पट्टा अडकवायची लोखंडी कडी, गोळीसारखा येतो.

रात्रीचा मुक्काम म्हणजे बिव्हॅक. ट्रक आला की क्रूला लगेच जेवायला सोडू नका. आधी दहा मिनिटं तिघांना विचारा: कुठे आवाज आला, कोणती सुई वर गेली, कोणत्या किलोमीटरवर जोरात आदळला. झोपून उठल्यावर हे आठवत नाही. मग तापमानं, मग पिवळ्या रेघा, मग खाली जाऊन तेलं. गिअरबॉक्स आणि अॅक्सलच्या लोहचुंबकी बुचावर राखाडी लगदा असेल तर तो नेहमीचा; चिमटीत धरता येईल असा तुकडा असेल तर दात गेला, हौसिंग उघडा. डिझेल फिल्टर रोज. क्रॉस आणि जॉइंटला ग्रीस जुनं वाळूमिश्रित ग्रीस बाहेर येईपर्यंत. चार-पाच माणसांचं हे सहा-सात तासांचं काम आहे, आणि ते तेरा रात्री चालतं. म्हणून कोणता भाग निकामी नसतानाही बदलायचा याचं वेळापत्रक निघण्याआधीच लिहिलेलं असावं. पहाटे तीनला थकलेल्या माणसाने तो निर्णय घेऊ नये. काही रात्री अशाही ठेवतात की मेकॅनिकना ट्रकपर्यंत येताच येत नाही. क्रूने ट्रकवर जे आहे त्यावर भागवायचं. म्हणून ट्रकवरच दोन चाकं, दोन शॉकअप, एक पुढचा अर्धा शाफ्ट, एक प्रॉपेलर शाफ्ट, पाट्याचं मुख्य पान, यू-बोल्टचा एक संच, सगळ्या मापांचे होज आणि पट्टे, वीस लिटर तेल, आणि माणशी तीन लिटर राखीव पाणी ठेवावं. जास्त घ्याल तर वजनच तुम्हाला रुतवेल.

यावर तुम्ही म्हणाल की मग मालकाने धंदा कधी करायचा? डच मालकांचं वर्ष ट्रकभोवती आखलेलं असतं. जानेवारीत रॅली संपते, फेब्रुवारी-मार्चमध्ये ट्रक पूर्ण खोलतात, उन्हाळ्यात चाचण्या, ऑक्टोबरच्या सुमारास मोरोक्कोत खऱ्या वाळूवर. २०२० पासून रॅली सौदी अरेबियात असल्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ट्रक युरोपातल्या बंदरातून जहाजावर चढतात. जहाज गेल्यावर काही जोडता येत नाही, म्हणून खरी शेवटची तारीख जानेवारीची नव्हे, जहाजाची. ताफा सांभाळणारे मेकॅनिकच हा ट्रकही सांभाळतात. मूळ कंपनीचेच जितके भाग ठेवता येतील तितके ठेवतात, म्हणजे बेअरिंग, सील, काच कुठल्याही डीलरकडे मिळते. टायर, ऑइल, सुटे भाग पुरवणारे आणि मोठे ग्राहक हेच प्रायोजक असतात. त्यांच्याशी वर्षभराचा व्यवहार असल्याने पैसे मागणं सोपं जातं. आणि मालक तीन आठवडे नसताना कंपनी चालली पाहिजे. हे ज्याला जमत नाही त्याने आधी धंद्याची घडी बसवावी.

स्वतः संघ उभारायलाच हवा असंही नाही. २०२३ ला फान कास्टेरेन जिंकले ते द रोय यांच्या संघाच्या इवेकोवर. तयार ट्रक, तयार मेकॅनिक आणि पाठीशी अनुभव, हे भाड्याने मिळतं, आणि नव्या माणसाला तेच बरं. करार वाचताना एकच ओळ दहा वेळा वाचा: ट्रक उलटला तर नुकसान कोणाचं, आणि किती रकमेपर्यंत. सही त्यानंतर. आपला नेहमीचा जीवन आणि वाहन विमा शर्यतीतलं नुकसान सहसा भरत नाही. वैद्यकीय आणि मायदेशी आणण्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. रॅलीचा खर्च वाहतूक कंपनीच्या खात्यातून करू नका, वेगळी संस्था आणि वेगळं खातं ठेवा. एका वाईट आठवड्याने ड्रायव्हरांचा पगार अडता कामा नये.

नव्या वाटांकडेही लक्ष ठेवा. खेर्ट ह्यूझिंक या डच उद्योजकाने २०२० ला विजेची मोटर जोडलेला हायब्रिड रेनॉ ट्रक डाकारला उतरवला. वाळूतून निघताना लागणारा जोर मोटर पहिल्या फेऱ्यापासून देते, ही त्यातली खरी कमाई.

तुमच्यासाठी मात्र मी थेट ट्रकची शर्यत सुचवणार नाही. डाकार क्लासिक हा जुन्या जमान्यातल्या मोटारी-ट्रकांचा वर्ग आहे. तिथे सर्वांत जोरात जाणारा जिंकत नाही, दिलेला सरासरी वेग अचूक राखणारा जिंकतो. पुण्याचे संजय टकले यांनी २०२५ मध्ये टोयोटा लँड क्रूझरवर हाच वर्ग पूर्ण केला, म्हणजे आपल्या माणसाने चाललेली वाट समोर आहे. त्याआधी एक वर्ष एखाद्या संघाच्या मदत-ट्रकवर मेकॅनिक किंवा ड्रायव्हर म्हणून जा. मुक्काम ते मुक्काम रस्त्याने जाताना आणि रात्री ट्रकखाली झोपून तुम्हाला जे कळेल ते शर्यतीच्या सीटवरून कळणार नाही. परवाना भारतातल्या मोटर स्पोर्ट्स संघटनेकडून, म्हणजे एफएमएससीआयकडून सुरू होतो. लहान क्रॉस-कंट्री स्पर्धांचे निकाल हातात असले की पुढची दारं उघडतात.

आणि तयारी आजच सुरू करता येते. घाटात चालणाऱ्या तुमच्या पंधरापैकी दोन गाड्या निवडा. पाटे उतरवून नीट बसवा, यू-बोल्ट टॉर्क पान्याने आवळा, पिवळ्या रेघा ओढा, आणि पहिल्या शंभर, मग पाचशे, मग दोन हजार किलोमीटरला रेघा पाहून वहीत लिहा: कुठला नट किती फिरला, कोणत्या बाजूचा, गाडीत माल किती होता. सहा महिन्यांनी ती वही आणि तुमच्या मुख्य मेकॅनिकला समोर बसवा.